सहीखालची रेघ

तुम्ही दोघांनी आजोबांवर दोनशे शब्द लिहून पाठवायचे होते. त्यांना पंच्याऐंशी पूर्ण होणार म्हणून गौरवग्रंथ निघायचा होता आणि समितीला त्यात 'नातवंडांच्या नजरेतून' असं एक पान हवं होतं. तेव्हा धाकट्याने मला मेसेज केला होता, "आजी, आजोबा नेमकं काय करायचे? इंटरनेटवर चारच ओळी आहेत." मी "सवडीने लिहिते" असं उत्तर दिलं. त्याला आता वर्ष झालं. ग्रंथ निघाला नाही, निघेल असं वाटतही नाही. पण प्रश्न विचारलेला आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला शिक्षिकेची सवय आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, पनवेलच्या शाळेत तीस वर्षं मी इंग्रजीच शिकवलं. पण आजोबांची इंग्रजी पत्रं, निवेदनं, सभागृहात विचारायचे प्रश्न, हे सगळं मीच लिहीत आले. काही कबूल न करता दोन परिच्छेद कसे भरायचे हे माझ्या इंग्रजीला फार चांगलं जमतं. म्हणून मराठीत लिहिते आहे. जिथे अडेल तिथे आईला विचारा.

इंटरनेटवरच्या त्या चार ओळी खऱ्या आहेत. सात वेळा लोकसभेला उभे राहिले, पाच वेळा निवडून आले, दोनदा पडले. काही समित्यांवर होते. मंत्री झाले नाहीत. एकदा होणार होते. दिल्लीहून निरोप आला होता की तयार राहा. बंद गळ्याचा काळा कोट घाईघाईने शिवून आणला आणि आम्ही दोघं फोनशेजारी बसून राहिलो. दुपारी टीव्हीवर शपथविधी सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, "तो आवाज कमी कर, फोनची घंटा ऐकू यायची नाही." शपथविधी संपला तरी मी आवाज वाढवला नाही. तो कोट तुमच्या मामाच्या लग्नात त्यांनी घातला. अजून कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला.

पण आजोबांचं खरं काम दिल्लीत नव्हतंच. ते आपल्या घराच्या ओसरीवर होतं. शाळेने मोडीत काढलेले दोन लांब बाक मी तिथे आणून ठेवले होते. अधिवेशन नसेल तेव्हा सकाळी सातपासून ते बाक भरलेले असत. पळस्प्याच्या पुढून आलेले शेतकरी, बाजारपेठेतले व्यापारी, नवीन पनवेलच्या सेक्टरांत नव्याने राहायला आलेले नोकरदार, आखातात अडकलेल्या मुलाचा पासपोर्ट क्रमांक चिठ्ठीवर लिहून आणलेली एखादी अम्मी. खासदाराच्या अखत्यारीत काय येतं आणि काय नाही, हे बाकावर बसणाऱ्याला ठाऊक नसतं. नळाला पाणी नाही, बदली हवी, जावई नांदवत नाही, सगळं साहेबांकडे. आणि साहेबांचा एक नियम होता. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. प्रत्येकाला पत्र द्यायचं.

सगळ्यांनाच पत्र द्यायचं म्हटल्यावर पत्रांचा ढीग होतो. दुसऱ्या खासदारकीच्या काळात एक अधिकारी आमच्याकडे चहाला आले होते. ते हसत म्हणाले, "साहेब, आठवड्याला तुमची चाळीस पत्रं येतात. चाळीसही कामं करायची म्हटलं तर आम्ही ऑफिसातच झोपलं पाहिजे. यातलं तुमच्या मनातलं कोणतं, ते कसं ओळखायचं?" उत्तर मला सुचलं. मी बशीतली बिस्किटं पुढे करत म्हटलं, "ज्या पत्रात सहीखाली रेघ असेल, ते साहेबांच्या मनातलं." दोघांना ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्यासमोर टाळी दिली.

तेव्हापासून तशी पद्धत पडली. नुसती सही म्हणजे माणूस दारात आला होता, त्याचा मान राखला, बाकी तुमचं तुम्ही बघा. सहीखाली रेघ म्हणजे काम करा, मागोमाग फोन येईल. ही गोष्ट ओसरीवर बसणाऱ्या कुणालाही माहीत नव्हती. ते पत्र कपाळाला लावून जात. मला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. उलट एका गोंधळाला मी शिस्त लावली, असाच माझा समज होता. मी आणखी एक शिस्त लावली होती. साहेब सही करत असतानाही खालचा कार्बन काढायचा नाही, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीवरही सही उमटते आणि रेघ दिली की नाही तेही कळतं. वर्षवार फायली, फायली ट्रंकांत, ट्रंका माडीवरच्या खोलीत. तुम्ही लहानपणी लपाछपी खेळताना ज्यांच्यामागे लपायचात, त्याच त्या.

आता एका बाईविषयी लिहिते, कारण तिच्यामुळे हे सगळं लिहायची वेळ आली.

ती ओवे गावाच्या पुढच्या एका खेड्यातली. पहिल्यांदा आली तेव्हा तिशीची असेल, नवरा जाऊन वर्ष झालेलं, पदरात एक मुलगी. त्या भागातली शेतं वसाहतीसाठी सरकारने घेतली होती आणि त्या बदल्यात प्रत्येक कुटुंबाला विकसित जमिनीचा एक भूखंड मिळणार होता. तिच्या सासऱ्याच्या जमिनीवर कुटुंबकर्ता म्हणून थोरल्या दिराचं एकट्याचं नाव लागलं होतं. हिचं म्हणणं साधं होतं. भाऊ दोन होते, तर धाकट्याचा अर्धा वाटा त्याच्या बायकोच्या आणि मुलीच्या नावाने लागावा. दीर म्हणत होता, लागणार नाही.

ती आली ती पाटी घेऊन आली. पाटीत केळीच्या पानाखाली जिताडा होता. आपल्याकडच्या खाडीकाठच्या गावांत हा मासा गोड्या तळ्यात सोडतात आणि वर्षानुवर्षं वाढू देतात. विकायला तो सहसा काढत नाहीत. लेकीचा साखरपुडा, व्याह्यांचं येणं किंवा साहेबाकडे काम असेल तेव्हाच तळ्यात जाळं पडतं. मी पुण्याच्या शाकाहारी घरातून आलेली. भेटवस्तू घ्यायची नाही, असा आपल्या घरचा नियम मी स्वतः दारावर लिहून लावला होता. पण जिताडा परत पाठवणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी पाटी आत नेली.

"माज्या म्हायेरच्या तल्यातला हाय," ती म्हणाली. "भावाला बोल्लू, माज्या पोरीच्या हक्कासाठी काढतंय, नाय बोलू नको."

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पत्र द्यायला सांगितलं. भूखंड देणाऱ्या कार्यालयातला वरचा अधिकारी तेव्हा मराठी न वाचणारा होता, म्हणून पत्र इंग्रजीत हवं होतं, म्हणजे माझ्याकडे आलं. मी ते मनापासून लिहिलं. साहेबांनी सही केली. रेघ दिली नाही.

तीनच दिवसांनी तिचा थोरला दीर आला. तो गावातला आमचा कार्यकर्ता होता, पाच गावांत शब्द असलेला. निवडणूक तोंडावर होती. त्यालाही पत्र हवं होतं, आणि ते त्याला कसं हवं आहे हे त्याने साहेबांना बाजूला नेऊन सांगितलं. कुटुंबात अन्य कोणीही हक्कदार नाही, भूखंड अर्जदाराच्याच नावे व्हावा, असा मजकूर साहेबांनी मला सांगितला. मी टाइपरायटरवरून हात काढून त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "लिही गं," म्हणाले. "पुढचं ते लोक बघून घेतील." मी लिहिलं. त्या सहीखाली त्यांनी लांब, सरळ रेघ ओढली.

भूखंड दिराला मिळाला. त्याने तो बिल्डरला दिला. आज तिथे उंच इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान आणि दवाखाना. आणि ती? तिला फक्त एवढंच कळत राहिलं की साहेबांनी पत्र देऊनही काम अडलं आहे. दर वर्षी दिवाळी आटोपली की ती जिताडा घेऊन यायची. काम झालं नाही तरी माणूस आपलं काम करतो आहे, त्याची आठवण ठेवली पाहिजे, असं तिचं म्हणणं. कधी साहेब दिल्लीत असायचे, कधी पडलेले असायचे. निवडणुकीत पडले की ओसरीवरचे बाक रिकामे होत, तरी ती आली. वीस-बावीस वर्षं आली. मी मासा घेत राहिले. मी स्वतः तो कापायला शिकले होते, आणि तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा तुम्हीही तो आवडीने खाल्ला आहे. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही की तो कुठून येतो.

गेल्या वर्षी नवरात्रात ती अवेळी आली, पाटी न घेता. आता तिचे केस पांढरे झाले आहेत आणि मुलीला मुलगा झाला आहे. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद काढला. माझ्याच पत्राची झेरॉक्स होती, इतकी पुसट झालेली की सहीखेरीज काही वाचता येत नव्हतं.

"बाई, जुनी परकरनं पुन्ना काढल्यात. शेवटची सुनावनी हाय म्हंतात. दिराची पोरं बोलतात, काकीनं तवा कवाच हक्क मागितला नाय, आता म्हातारपनी याद आली. मी ह्यो कागद दावला तर हापिसातला सायेब म्हनतो, तारीख दिसत नाय, चालायचं नाय." तिने कागदावर बोट ठेवलं. "तुमच्याकडं दुसरा आसंल ना? तुमी तर चिठ्ठीबी टाकत नाय."

"शोधते," मी म्हटलं. "दिवाळीनंतर ये."

शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या वर्षाची फाईल, तो महिना. तिचं पत्र, तारखेसह, कार्बनच्या निळ्या अक्षरांत. खाली सही. आणि लगेच पाठचा कागद तिच्या दिराचा. 'अन्य कोणीही हक्कदार नाही.' खाली सही, आणि रेघ. दोन पत्रांवर तीन दिवसांच्या अंतराच्या तारखा होत्या आणि दोन्हींच्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची म्हणून माझी आद्याक्षरं. मी ट्रंकेवरच बसून राहिले. गुडघे दुखत होते म्हणूनही.

तिचा एकच कागद देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं काही गेलं नसतं. पण तिचं काम निम्मंच झालं असतं. तिने हक्क मागितला होता, एवढंच त्यातून दिसलं असतं. दिराने खोटं सांगितलं होतं आणि ते कार्यालयाला आमच्याच घरातून कळवलं गेलं होतं, हे दुसऱ्या कागदाशिवाय कुणाला कळणार नव्हतं.

त्याच आठवड्यात गौरव समितीचे अध्यक्ष आले. तुम्ही त्यांना फोटोत पाहिलं आहे, पांढरी पँट, पांढरा शर्ट. नगरसेवक होते. आणि त्या दिराचे ते थोरले चिरंजीव. ग्रंथाचा, हॉलचा, जेवणाचा सगळा भार त्यांनी आपण होऊन उचलला होता.

"काकू, ग्रंथात साहेबांची जुनी पत्रं छापायची आयडिया आहे," ते म्हणाले. "आमची मुलं टेम्पो घेऊन येतील, ट्रंका घेऊन जातील, सगळं स्कॅन करतील. तुमची वरची खोली पण मोकळी होईल."

"स्कॅनर इकडे आणा ना," मी म्हटलं. "इतका मोठा असतो का तो?"

ते हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "आमची काकी येऊन गेली म्हणे?"

"येते ती. दर वर्षी येते."

"म्हातारीला कोणीतरी भरीला घालतंय काकू. घरातलं घरात मिटवू आम्ही. तिला काय कमी पडू देतो का? पण साहेबांचं नाव आता या वयात सुनावणीत कशाला? एवढा मोठा सत्कार आहे. लोक काय बोलतील?"

मी ट्रंका दिल्या नाहीत. किल्ली सापडत नाही म्हटलं. आयुष्यात किल्ली न सापडण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

दुपारी मी आजोबांशी बोलले. ते आता दिवसभर संसदेचं कामकाज बघत बसतात, श्रवणयंत्र काढून, नुसतं चित्र. कोण कोणाच्या बाकाकडे गेलं यावरून त्यांना सगळं कळतं म्हणतात. मी यंत्र त्यांच्या कानात बसवलं.

"अहो, काकींच्या पत्राची प्रत सापडली."

"कोण काकी?"

"जिताड्याच्या."

"तिला सांग, सापडत नाही."

"सापडली आहे."

"सापडली आहे हे तुला माहीत. तिला कुठे माहीत?" मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, मी तिला नाही म्हटलं नव्हतं. दारातून रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं."

"तिच्या हातात काय दिलं होतं ते मी टाइप केलंय. रेघ नव्हती."

"रेघ तुझी कल्पना."

"म्हणूनच बोलतेय."

"ती पाच गावं गेली असती तर ती निवडणूक हातची गेली असती."

"ती निवडणूक तशीही गेली," मी म्हटलं.

त्या वर्षी आपण पडलो होतो हे ते खरोखरच विसरले असावेत. यंत्र काढून त्यांनी तळहातावर ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. आमची भांडणं आता अशीच संपतात. मला राग यायला हवा होता, पण मला फक्त थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं हा माणूस कोणाला नाही म्हणाला नाही म्हणून लोक त्याला भला म्हणत आले, मीही म्हणत आले. नाही म्हटलं असतं तर ती बाई दुसऱ्या कोणाकडे गेली असती. वकिलाकडे, दुसऱ्या पक्षाकडे. आम्ही तिला बावीस वर्षं आमच्या ओसरीवर अडकवून ठेवलं.

दिवाळीनंतर ती आली, पाटी घेऊन. पाटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून ती नेहमीप्रमाणे जमिनीवर बसायला लागली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिला इंग्रजी येत नाही. मी दोन्ही पत्रं तिला मराठीत वाचून दाखवली. मग रेघेचा अर्थ सांगितला.

तिने दोन्ही सह्यांवर आळीपाळीने बोट फिरवलं.

"म्हंजे ज्याला रेग, त्याचं काम."

"हो."

"आनि माजा नुस्ता कागद."

"हो."

"साहेबांना म्हाईत व्हतं. तुमाला?"

"माहीत होतं. टाइप मीच केलं. रेघेची पद्धतही मीच पाडली."

"आनि मासा खाल्ला."

"खाल्ला," मी म्हटलं.

ती उठली. मला वाटलं ओरडेल. ती ओट्याकडे गेली, पाटीवरचं केळीचं पान नीट केलं आणि पाटी उचलून कमरेवर घेतली. "ह्यो मी घरी नेतंय," म्हणाली. "नातवाला घालीन." दारापर्यंत जाऊन परत वळली, टेबलावरचे दोन्ही कागद घेतले, घडी न घालता, आणि गेली. ओसरीवर आजोबा बसले होते. त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. ती त्यांच्यासमोर थांबली, "बरे हाव ना?" एवढंच म्हणाली आणि उत्तर न ऐकता पायऱ्या उतरली.

चार दिवसांनी तिच्या मुलीचा फोन आला. नुसत्या कार्बनच्या प्रती चालत नाहीत, ज्या कार्यालयातून पत्र निघालं त्यांचं पत्र हवं आणि मूळ फाईल दाखवायला कोणीतरी हवं. मुलगी अवघडून बोलत होती. आईने फोन करायला सांगितलं नव्हतं, हे ऐकू येत होतं.

मी साहेबांच्या नावाने पत्र लिहिलं. मराठीत, पाच ओळी. ही दोन्ही पत्रं माझ्या कार्यालयातून त्या त्या तारखेला दिली गेली. दुसऱ्या पत्रातला 'अन्य कोणीही हक्कदार नाही' हा मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून, खात्री न करता लिहिला होता. तीन दिवस आधीच धाकट्या भावाच्या पत्नीने हक्क सांगितल्याचं मला माहीत होतं. हा शेवटचा भाग लिहून मी थांबले, मग राहू दिला.

सकाळच्या चहाबरोबर तो कागद आजोबांपुढे ठेवला. त्यांनी भिंग घेऊन वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं बाजूला सारतील.

"सत्कार रद्द करतील," ते म्हणाले.

"करू देत."

"तुझी नऊवारी घ्यायची होती ना, सत्काराला?"

"कपाटात खूप आहेत."

त्यांनी पेन मागितलं. हात आता फार थरथरतो, सही करायला त्यांना मिनिट लागतं. सही झाली. मग कागद जरा तिरका करून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, त्यांनी सहीखाली रेघ ओढली. ती वाकडी गेली, शेवटी खाली घसरली. त्या कार्यालयात ती रेघ ओळखणारं आता कोणी नाही. ते सगळे अधिकारी निवृत्त झाले, काही गेले. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही माहीत असावं.

सुनावणीला मी रिक्षाने गेले, फाईल मांडीवर घेऊन. बाहेरच्या बाकावर तीन तास बसले. शिपायाने विचारलं, "आजी, कोणाकडून आलात?" मी म्हटलं, "मीच आले आहे." तो म्हणाला, "तसं नाही, कोणाची माणसं तुम्ही?" बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती, मुलीबरोबर. माझ्याशी बोलली नाही. समोरच्या भिंतीशी अध्यक्ष महाशय आपल्या भावांबरोबर उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला, काकू म्हणून हाकही मारली. आपल्याकडे नमस्कार शेवटपर्यंत चुकत नाही.

अधिकारी तिशीतली तरुणी होती. तिने फाईल चाळली, कोपऱ्यातली आद्याक्षरं दाखवून विचारलं, "ही कोणाची?" "माझी," मी म्हटलं. तिने ते लिहून घेतलं. तिने दिलेल्या आदेशात एवढंच म्हटलं आहे की धाकट्या भावाच्या पत्नीने वेळेत हक्क सांगितला होता आणि तिचा दावा फेटाळता येत नाही. भूखंड तर कधीच विकला गेला आहे. आता पुतण्यांकडून तिचा वाटा वसूल करायचं वेगळं प्रकरण चालेल, ते किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही. पण 'कधीच मागितला नाही' असं तिला आता कोणी म्हणू शकणार नाही. तिच्या मुलीने मला आदेशाची प्रत वाचायला दिली तेव्हा ती स्वतः जवळ येऊन उभी राहिली.

"तुमच्या फायलीनं झालं," ती म्हणाली. "साहेबांच्या कागदानं नाय." आणि मुलीचा हात धरून जिन्याकडे निघाली. जिना उतरताना तिने एकदा मागे वळून, मी कठडा धरून उतरते आहे ना, हे पाहिलं. तेवढंच.

सत्काराचा हॉल मिळत नसल्याचं समितीने कळवलं. नंतर काही कळवलं नाही. म्हणून तुमचे दोनशे शब्द लागले नाहीत.

आता पुन्हा दिवाळी होऊन गेली. ओसरीवर अजूनही एखाद-दुसरा माणूस येतो. आजोबा खासदार नाहीत हे त्याला माहीत असतं, तरी पत्र मागतो. मी त्याला कोणत्या कार्यालयात जायचं ते कागदावर लिहून देते, आणि आमच्याकडून होण्यासारखं नसेल तर तसं सांगते. काही जण नाराज होऊन जातात.

परवा जेवताना आजोबांनी ताटाकडे बघत विचारलं, "यंदा जिताडा नाही आला?"

"नाही," मी म्हटलं. "येणार नाही आता."

त्यांनी मान हलवली आणि वरणभात कालवायला घेतला.